स्थलांतरित मुलांची शालेय आरोग्यसेवा (खानदेश)

कामासाठी हंगामी गाव सोडणाऱ्या, तसेच मजुरीसाठी खानदेशात येणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या आरोग्याची शाळेमार्फत घेतली जाणारी काळजी. शालेय परिचारिकेचे पद अमेरिकेत रुजले तेच स्थलांतरितांच्या वस्तीत. न्यूयॉर्कमध्ये १९०२ साली लीना रॉजर्स यांना नेमले, ते डोळ्यांच्या व त्वचेच्या संसर्गामुळे किंवा उवांमुळे शाळेतून घरी धाडलेली मुले बरी होऊन वर्गात परतावीत म्हणून.

खानदेशात जिल्हा परिषद शाळेला स्वतःची नर्स नसते. हे काम प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सिस्टर, आशा आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे फिरते पथक वाटून घेतात. हा कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता व एक नर्स अशी रचना असते. अंगणवाडीची तपासणी वर्षातून दोनदा, शाळेची एकदाच. घोडे अडते ते या ‘एकदाच’पाशी.

धडगाव, अक्कलकुव्याकडची भिल्ल व पावरा कुटुंबे पावसाळा सरला की मुकादमाची उचल (आगाऊ रक्कम) घेऊन ऊसतोडीला निघतात. बरीच गुजरातेत, बारडोली-सुरतकडे जातात. चाळीसगाव तालुक्यातील तांडेही ऊसतोडीला बाहेर पडतात. उलट रावेर-यावलच्या केळीबागांत मध्य प्रदेशातून मजूर येतात. जानेवारीत पथक आले, तर पोर पटावर असते, वर्गात नसते. म्हणून तपासणी जुलै ते सप्टेंबरमध्येच उरकायला हवी. बाकीच्या सुधारणा त्यानंतरच्या.

तपासणीत सिस्टर पापणी खाली ओढून रक्तक्षय पाहते, बोटांच्या बेचक्यांत खरूज शोधते, वजन-उंची घेते. पावरी किंवा बारेली बोलणाऱ्या पोराला मराठीत ‘पोट दुखतं का?’ विचारले की ते प्रत्येक प्रश्नाला मान डोलावते. अशा वेळी वरच्या वर्गातली बहीण दुभाषी होते. जंतनाशक अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची गोळी समोरच चावून खायला लावतात. लोहाची साप्ताहिक गोळी लहानांना गुलाबी, दहा वर्षांपुढच्यांना निळी. पोर उसाच्या फडावर गेले की हा आठवड्याचा क्रम हमखास तुटतो.

सातपुड्यात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराकडे वेगळे लक्ष द्यावे लागते. सोल्युबिलिटी चाचणी ही केवळ चाळणी. रुग्ण की वाहक, हे पुढच्या तपासणीत ठरते. थंडी, अतिश्रम आणि अंगातले पाणी कमी होणे यांमुळे या आजाराच्या तीव्र वेदना उफाळतात, आणि पहाटेच्या फडावर तिन्ही एकत्र भेटतात. त्यामुळे निघण्यापूर्वी आई-बापाला औषधांचा पुरेसा साठा द्यावा लागतो, पाणी किती पाजायचे, उबदार काय घालायचे आणि ताप आला तर थेट दवाखाना गाठायचा, हे सांगावे लागते. चाचणीचा निकाल व औषधाचे नाव लिहिलेला कागदही सोबत हवा. फडाजवळच्या दवाखान्यात पोराची जुनी माहिती बहुधा त्या कागदावरूनच कळते.

जी मुले आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहतात, त्यांच्या गोळ्या व लसी शाळेतच चालू ठेवता येतात. टीडीची (धनुर्वात व घटसर्पाविरुद्धची) लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी देतात.