कात

कात (स्त्रीलिंगी) : सापाने अंगावरून उतरवून टाकलेली वाळकी, पापुद्र्यासारखी त्वचा. विड्यात पडणारा, खैराच्या गाभ्यापासून काढलेला कात वेगळा, तो पुल्लिंगी. उच्चार एकच, पण प्रत्यय लागला की दोघांची फारकत होते : सापाच्या कातेला, विड्याच्या काताला. कातकरी जमातीचे नाव या दुसऱ्या काताशी जोडलेले आहे. सापाची कात संस्कृत ‘कृत्ति’ (चामडे) या शब्दावरून आली. कातडे, कातडी ही तिचीच भावंडे. गजचर्म पांघरणाऱ्या शंकराला कृत्तिवास म्हणतात, तो शब्दही याच कुळातला.

साप कात ‘टाकतो’. तो ‘कात काढतो’ असे कोणी म्हणत नाही. त्याआधी काही दिवस तो सुस्तावतो, खाणे सोडतो, चिडका होतो. जुन्या-नव्या त्वचेमध्ये द्रव साठल्याने डोळे दुधाळ निळसर दिसतात आणि नजर मंदावते. डोळे पुन्हा स्वच्छ झाले की तो दगडाला किंवा गडग्याच्या चिऱ्याला तोंड घासतो, ओठांपाशी कात सुटते आणि पायमोजा उलटा करून काढावा तशी मागे सोलत जाते. म्हणून सापडलेली कात उलटी असते, आणि तिचे शेपूट ज्या दिशेला, त्या दिशेला साप गेलेला असतो. उजेडात धरली तर डोळ्यांवरच्या काचेसारख्या दोन चकत्याही दिसतात. खवल्यांमधल्या घड्या ताणल्या जात असल्याने कात सापापेक्षा लांब भरते. तिच्यावरून सापाची लांबी सांगणारे सहसा हातभर जास्तच सांगतात. रंग बहुतेक उतरलेला असला तरी खवल्यांची रचना आणि संख्या पाहून जाणकार जात ओळखतात. वाढत्या वयाची पिल्ले मोठ्यांपेक्षा जास्त वेळा कात टाकतात.

वाक्प्रचारात ‘कात टाकणे’ म्हणजे जुने टाकून नव्या जोमाने उभे राहणे. बसस्थानक, ग्रंथालय, सरकारी शाळा यांच्या बातम्यांत तो इतका वापरला जातो की आता गुळगुळीत झाला आहे. शिवाय कात टाकून बाहेर येतो तो तोच साप, फार तर थोडा वाढलेला. आतूनही बदल झाला असेल तर ‘कायापालट’ हा शब्द जास्त नेमका. नुसती रंगरंगोटी झाली असेल तर ‘कात टाकली’ अगदी बरोबर बसते. बृहदारण्यक उपनिषदाचे लक्ष मात्र सापाकडे नसून मागे पडलेल्या कातेकडे आहे : वारुळावर टाकलेली निर्जीव कात पडून राहावी, तसे मुक्त झालेल्याचे शरीर पडून राहते.

शास्त्रीय परिभाषेत या क्रियेला निर्मोचन म्हणतात, आणि ती सापापुरती नाही. खेकडे, कोळी, कीटक यांनाही वाढायचे तर कवच सोडावे लागते. घरात कधीतरी दिसणारे पांढरेफटक झुरळ म्हणजे नुकतीच कात टाकलेले झुरळ. काही तासांत ते पुन्हा तपकिरी होते. झाडाची मात्र साल निघते आणि कांद्याचा पापुद्रा सुटतो, तिथे कात चालत नाही. रेशीम शेतीत हा शब्द रोजच्या कामाचा आहे. तुतीवरची अळी कोष करण्याआधी चार वेळा कात टाकते. अळ्या डोके वर करून निश्चल बसल्या की त्या ‘कातेवर’ आहेत असे समजून पाला थांबवतात आणि बिछाना कोरडा राहावा म्हणून वरून चुन्याची भुकटी भुरभुरतात. साधारण दिवसभराने बहुतेक अळ्या उठल्या की पुन्हा पाला टाकतात.