निम्मे पाणी मुरेल, या गृहीतकाची गोष्ट: मुंबईच्या पर्जन्य जलवाहिन्यांची पार्श्वभूमी

मुंबईच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या आखताना तासाला २५ मिलिमीटर पाऊस ओहोटीच्या वेळी पडेल आणि त्यातले निम्मे पाणी जमिनीत मुरेल, असा हिशेब धरला होता. तो त्या काळी चुकीचा म्हणता येणार नाही. बेटांमधल्या खाड्या बुजवून झालेल्या सखल शहराला लागूनच मिठागरे, खाजणे, भातखाचरे आणि वाड्यांची मोकळी माती होती. जोराचा पाऊस आला की पाणी तिथे पसरे आणि ओहोटी लागल्यावर ओसरे.

१९५० आणि १९५७ मध्ये उपनगरे महापालिकेच्या हद्दीत आली आणि ही माती झपाट्याने झाकली गेली. शेतांच्या जागी इमारती आल्या, सोसायट्यांच्या अंगणात आधी कोबा आणि पुढे पेव्हर ब्लॉक आले. १९७७ पासून वांद्रे-कुर्ला संकुलाचे नियोजन सुरू झाले आणि मिठी नदीच्या मुखाजवळच्या खाजणांवर भराव पडत गेला. नाले मात्र जुन्याच मापाचे राहिले.

१९८५ च्या पुरानंतर महापालिकेने सल्लागार नेमले. त्यांच्या १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ (बृहन्मुंबईच्या पावसाच्या पाण्याचा निचरा) अहवालाने ताशी ५० मिलिमीटर पावसाची क्षमता सुचवलीच, शिवाय वाहून जाणाऱ्या पाण्याचा गुणांक ०.५ वरून १ केला. पडलेला थेंबन् थेंब वाहूनच जाणार, हे त्यातून प्रथमच आकड्यात कबूल झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची नोंद हीच आहे, आणि तिच्याकडे बारा वर्षे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, याची खंत वाटते.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तोही ४.४८ मीटर भरतीच्या दिवशी. भरतीत समुद्र पातमुखाच्या, म्हणजे नाला समुद्राला मिळतो त्या तोंडाच्या, वर चढतो. मग नाल्यातले पाणी बाहेर पडायचे सोडून मागे सरकते आणि गल्लीतल्या जाळ्यांमधून वर येते. माधवराव चितळे समितीने २००६ मध्ये या पुराची कारणमीमांसा मांडली, २००७ मध्ये केंद्राने ब्रिमस्टोवॅडसाठी १,२०० कोटी रुपये मंजूर केले, आणि हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशी उदंचन केंद्रे उभी राहिली. तिथे भरतीत दारे बंद करून पंपांनी पाणी समुद्रात फेकले जाते.

ही व्यवस्था पाणी नाल्याच्या टोकाशी पोहोचल्यावरची. भूखंडावरच पाणी अडवण्याचा नियम २००२ मध्ये १,००० चौरस मीटरहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांना लागू झाला आणि पुढे ही मर्यादा ३०० चौरस मीटरवर आली. पण त्यामागे मुख्य विचार पाणीटंचाईचा होता, पुराचा नव्हे.