मशेरीची पहिली चिमूट

तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, खलबत्त्यात कुटायची, वस्त्रगाळ करून डबीत भरायची. मशेरी भाजायला घेतली की शेजारीपाजारी खोकत दारं लावून घेतात. पण ती लावणाऱ्या बाईला ‘तंबाखूचं व्यसन आहे का?’ असं विचारून बघा. ‘छे हो, दात घासायला लावते फक्त,’ हे उत्तर ठरलेलं. केसपेपरवर ‘व्यसन : नाही’ अशी नोंद होते आणि विषय तिथंच संपतो.

ती खोटं बोलत नसते. व्यसन म्हणजे नवऱ्याची दारू, फार तर दिराचा गुटखा. सासूनं हातावर ठेवलेली मशेरी त्यात कशी बसणार? त्यामुळे विचारायचं तर वेगळं काहीतरी विचारावं: सकाळी उठल्यावर पहिली चिमूट किती वेळात लागते?

हा प्रश्न साधा दिसतो, पण त्यामागे बरंच संशोधन आहे. कार्ल-ओलोव्ह फागरस्ट्रॉम या स्वीडिश मानसशास्त्रज्ञानं १९७८ मध्ये सिगारेट ओढणाऱ्यांसाठी एक प्रश्नावली तयार केली. १९९१ मध्ये ती सुधारून सहा प्रश्नांची झाली. एकूण गुण दहा; जितके जास्त, तितकं व्यसन पक्कं. उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत पहिली सिगारेट पेटत असेल, तर त्या एकाच उत्तराला तीन गुण. अर्ध्या तासाच्या आत असेल तर दोन, तासाच्या आत एक. दिवसभरात किती ओढता हेही त्यात विचारलेलं आहे, पण सकाळच्या घाईतून अवलंबित्व जास्त उघडं पडतं. पुढं हीच प्रश्नावली थोडे फेरफार करून चघळायच्या तंबाखूसाठीही वापरली गेली.

सकाळच का? तंबाखूतलं सवय लावणारं द्रव्य म्हणजे निकोटिन. शरीरातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्म्यावर येतं. रात्री दहाला शेवटची चिमूट लावली, तर सकाळी सहापर्यंत जेमतेम सोळावा हिस्सा उरतो. इकडे रोजच्या वापरानं मेंदूत निकोटिन पकडणाऱ्या रिसेप्टरांची संख्या वाढलेली असते. पंगत मोठी बसलेली आणि वाढपी गायब! मग डोकं जड होतं, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. चिमूट हिरडीवर घासली की काही मिनिटांत सगळं शांत. ‘मशेरीनं बरं वाटतं’ ते असं. बरं न वाटणंही तिनंच आणलेलं असतं, हे मात्र लक्षात येत नाही.

‘त्याशिवाय पोट साफ होत नाही’ ही तक्रारही हसण्यावारी नेऊ नये. निकोटिन आतड्यांची हालचाल खरंच वाढवतं, आणि ते थांबलं की काही आठवडे बद्धकोष्ठता होऊ शकते. हे आधी सांगितलं नाही, तर चौथ्या दिवशी डबी परत फडताळातून खाली येते.

दात स्वच्छ होतात हा समज तर कायद्यानंही मोडीत काढलाय: भारतात १९९२ पासून टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी आहे. घरी भाजलेल्या मशेरीला कोण अडवणार? भाजताना त्यात बेंझोपायरिनसारखी कर्करोगकारक द्रव्यं तयार होतात, ती वेगळीच. मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. मशेरीसारखा बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमनं कमी भरलं.

सोडायचं ठरवलं तर पहिले दोन-तीन दिवस सर्वांत कठीण जातात. त्रास हळूहळू उतरत तीन-चार आठवडे चालतो. एकेका तलफेचा जोर मात्र काही मिनिटांचाच असतो. ‘मनावर घे’ असं सांगून घरचे मोकळे होतात, पण नुसत्या मनावर हे भागत नाही. १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेचा, मोफत नंबर आहे, तंबाखूच्या पुड्यांवरही तो छापलेला असतो. तिथं समुपदेशक बोलतात. जिल्हा रुग्णालयांमध्ये तंबाखूमुक्ती केंद्रं असतात. सिगारेटच्या तुलनेत मशेरी-तंबाखूत निकोटिन गमचा (तलफ भागवायला थोडं निकोटिन देणारी चघळायची गोळी) एकट्याचा प्रभाव कमी दिसतो; समुपदेशन हवंच. गरज पडल्यास डॉक्टर गोळ्याही देतात. गरोदर बाईनं तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

गम घ्यायचीच असेल, तर ती च्युइंगगमसारखी चघळत बसायची नाही. तोंडात तिखट चुरचुर होईपर्यंत सावकाश चावायची, मग गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची. चुरचुर ओसरली की परत चावायची. असं अर्धा तास. त्याआधी पंधरा मिनिटं चहा-कॉफी नको, कारण आम्ल तोंडात असलं की निकोटिन नीट शोषलं जात नाही. ही गम दोन आणि चार मिलिग्रॅममध्ये मिळते. यातली कुठली घ्यायची, हे ठरवतानाही तोच प्रश्न येतो: उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत तंबाखू लागत असेल, तर सहसा चार.