ल मां ही उतरत्या काळातील चालकांची शर्यत नव्हे

फॉर्म्युला वनमध्ये ज्यांना जागा मिळत नाही तेच फ्रान्समधील ल मांच्या 24 तासांच्या शर्यतीसारख्या सहनशक्तीच्या शर्यतींकडे वळतात आणि तिथे गाडी जपत चोवीस तास काढले की भागते, हा समज वर्षानुवर्षे पसरलेला आहे. टॉम क्रिस्टेन्सन यांची कारकीर्द पाहिली की तो टिकत नाही.

डेन्मार्कमधील होब्रो गावचे क्रिस्टेन्सन कार्टिंगमधून पुढे आले आणि 1991 मध्ये जर्मन, तर 1993 मध्ये जपानी फॉर्म्युला थ्रीचे विजेते ठरले. 1997 मध्ये, फॉर्म्युला वनच्या एक पायरी खालच्या फॉर्म्युला 3000 मध्ये धावत असतानाच, जखमी चालकाच्या जागी ऐनवेळी बोलावणे आल्याने ते प्रथमच ल मांला उतरले; मिकेले आल्बोरेतो आणि स्टेफान योहान्सन यांच्यासह ती शर्यत त्यांनी जिंकली, आणि सर्वांत वेगवान फेरीही त्यांचीच होती. पुढे 2000 ते 2005 सलग सहा, मग 2008 आणि 2013, असे एकूण नऊ विजय त्यांनी मिळवले.

'गाडी जपण्या'बद्दल बोलायचे तर 2008 ची शर्यतच पाहावी. प्रतिस्पर्धी पूजो कंपनीच्या गाड्या एका फेरीत काही सेकंदांनी वेगवान होत्या. तरीही क्रिस्टेन्सन आणि त्यांचे सहचालक कापेल्लो व मॅकनिश यांच्या ऑडीने पावसात, अंधारात, त्याच शर्यतीत धावणाऱ्या संथ जीटी (रस्त्यावरील स्पोर्ट्स मोटारींवर आधारित) गाड्यांच्या गर्दीतून वाट काढत पाठलाग सोडला नाही. सुमारे 13.6 किलोमीटरच्या 381 फेऱ्यांनंतर ऑडी पहिली आली, आणि दुसऱ्या क्रमांकावरील पूजो त्याच फेरीत होती.