क्लाउड भाड्याचं, जबाबदारी कुणाची?

१० मार्च २०२१ रोजी मध्यरात्र उलटल्यावर फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएचक्लाउड या इंटरनेटवरून संगणक भाड्याने देणाऱ्या (म्हणजे क्लाउड) कंपनीचं पाच मजली डेटा सेंटर जळून खाक झालं. जीवितहानी झाली नाही, पण लाखो वेबसाइट बंद पडल्या. बऱ्याचशा पुन्हा सुरू झाल्या. काही ग्राहकांचा डेटा मात्र कायमचा गेला, कारण त्याची प्रत दुसऱ्या शहरात ठेवलेलीच नव्हती. ती ठेवणं कुणाचं काम होतं? आपण क्लाउड कंपनीकडून नेमकं काय भाड्याने घेतलंय, यावर ते ठरतं.

अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने २०११ मध्ये क्लाउड सेवांचे तीन प्रकार सांगितले, आणि तीच विभागणी आजही चालते. सगळ्यात खालचा थर म्हणजे इन्फ्रास्ट्रक्चर ॲज अ सर्व्हिस. इथे मिळतो तो नुसता संगणक, तोही आभासी. डेटा सेंटरमधल्या एका दणकट सर्व्हरवर हायपरव्हायझर नावाचं सॉफ्टवेअर चालतं. ते प्रोसेसर आणि मेमरीची वाटणी करून एकाच यंत्रावर अनेक व्हर्च्युअल मशीन उभी करतं, आणि शेजाऱ्याला शेजाऱ्याचा पत्ता लागू देत नाही. २००६ मध्ये ॲमेझॉनने ईसी२ ही सेवा आणली, तेव्हा असे सर्व्हर तासाच्या भाड्याने मिळू लागले. पण मशीन हातात आल्यावर ऑपरेटिंग सिस्टिम अपडेट करणं, फायरवॉल (नको ती ये-जा अडवणारी भिंत) लावणं, बॅकअप घेणं हे सगळं ग्राहकाने पाहायचं.

त्यावरचा थर प्लॅटफॉर्म ॲज अ सर्व्हिस. प्रोग्रॅमरने कोड द्यायचा, तो चालवायची उस्तवार कंपनी करणार. आणि सॉफ्टवेअर ॲज अ सर्व्हिस तर आपण सगळेच रोज वापरतो: जीमेल उघडताना त्यामागे कुठला सर्व्हर आहे याचा विचारही मनात येत नाही.

थर जितका वरचा, तितकी कंपनीकडे जास्त कामं. तरीही एक प्रश्न तिन्ही थरांत ग्राहकाकडेच राहतो: आपल्या डेटाला हात लावायची परवानगी कुणाला द्यायची? क्लाउडमधल्या डेटाचोरीच्या बातम्या वाचताना मला हॅकरच्या करामतीपेक्षा हाच प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. २०१९ मध्ये कॅपिटल वन या अमेरिकी बँकेतून अमेरिकेतल्या सुमारे १० कोटी आणि कॅनडातल्या ६० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. डेटा ॲमेझॉनच्या क्लाउडवर होता. ज्या फायरवॉलमधून चोर आत शिरला, तिची मांडणी मात्र बँकेने चुकीची केली होती, आणि त्या फायरवॉलला साठवलेल्या फायली वाचण्याचा गरजेपेक्षा जास्त अधिकार दिलेला होता. नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड ठोठावला तो बँकेला.

याचा अर्थ क्लाउड कंपन्या चुकत नाहीत असा नाही. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एका कर्मचाऱ्याने काही सर्व्हर बंद करण्यासाठी कमांड दिली. टाइप करताना चूक झाली आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर बंद पडले. एस३ ही साठवणसेवा चारेक तास विस्कळीत झाली आणि तिच्यावर उभ्या असलेल्या असंख्य सेवाही बसल्या. गंमत म्हणजे ‘सेवा बंद आहे’ हे सांगणारा ॲमेझॉनचा स्वतःचा फलकही एस३वरच विसंबून होता, त्यामुळे तो बराच वेळ सगळं ठीक असल्याचं दाखवत राहिला.

२०२४ मध्ये युनिसुपर या ऑस्ट्रेलियातल्या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरचं एक सबस्क्रिप्शनच गूगलकडून झालेल्या चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं. त्यांनी डेटा दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवला होता, पण दोन्ही ठिकाणं त्याच सबस्क्रिप्शनखाली असल्याने दोन्हीकडून तो गेला. सहा लाखांहून अधिक सभासदांचे व्यवहार सावरायला मदत झाली ती वेगळ्या ठेवलेल्या बॅकअपची. आगीपासून अंतर वाचवतं. सबस्क्रिप्शनच गेलं तर अंतराचा काही उपयोग नाही.

मग एका कंपनीकडून दुसरीकडे सहज जाता येतं का? व्हर्च्युअल मशीन हलवणं कटकटीचं, पण जमण्यासारखं. वरच्या थरावर गाठ घट्ट बसते. २००८ मध्ये गूगल ॲप इंजिन ही प्लॅटफॉर्म सेवा आली, तेव्हा तिच्यावर फक्त पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा चालायची आणि माहितीही गूगलच्याच पद्धतीच्या डेटास्टोअरमध्ये ठेवावी लागायची. तसं ॲप दुसरीकडे न्यायचं म्हणजे त्याचा बराचसा भाग नव्याने लिहिणं. त्यातच डेटा आत आणायला सहसा पैसे पडत नाहीत. बाहेर न्यायला मात्र गिगाबाइटच्या हिशोबाने शुल्क लागतं. या शुल्काविरुद्ध युरोपीय संघाने डेटा ॲक्ट या कायद्यात तरतूद केली. कायदा लागू होण्याआधीच, २०२४ मध्ये, गूगल, ॲमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टने कायमचं सोडून जाणाऱ्या ग्राहकांसाठी ते माफ केलं. जानेवारी २०२७पासून युरोपात क्लाउड बदलणाऱ्याकडून असं शुल्क घेता येणार नाही. नव्याने कोड लिहिण्याचा खर्च मात्र ज्याचा त्यालाच करावा लागेल.