वर कमान, खाली गाळ : केर्च सामुद्रधुनीची कोंडी

25 नोव्हेंबर 2018 रोजी केर्च सामुद्रधुनी बंद करायला रशियाला एकही पाणसुरुंग पेरावा लागला नाही. ‘नेमा’ नावाचा एक मालवाहू टँकर क्रिमियाला रशियाशी जोडणाऱ्या पुलाच्या मुख्य कमानीखाली आडवा उभा केला आणि अझोव समुद्राचं दार लागलं. काळ्या समुद्रावरच्या ओडेसाहून अझोववरच्या मारिउपोल बंदराकडे निघालेल्या युक्रेनच्या तीन नौका बाहेरच अडकल्या. त्यात ‘बर्द्यान्स्क’ आणि ‘निकोपोल’ या दोन गनबोटी होत्या आणि ‘यानी कापू’ हा टग, म्हणजे दुसरी जहाजं ओढणारी बोट, होता.

नकाशात पाहिलं तर हे अशक्य वाटतं. काळा समुद्र आणि अझोव समुद्र यांना जोडणारी ही सामुद्रधुनी सुमारे 40 किलोमीटर लांब आहे आणि सगळ्यात अरुंद जागीही तिची रुंदी 3 किलोमीटरच्या आसपास भरते. एवढ्या पाण्यात एक टँकर आडवा टाकून काय होणार? पण जहाजं नकाशावरच्या निळ्या रंगातून जात नाहीत, ती खोलीतून जातात. अझोव हा जगातला सर्वांत उथळ समुद्र. त्याची सरासरी खोली 7 मीटर आणि जास्तीत जास्त सुमारे 14 मीटर. डॉन आणि कुबान या नद्या त्यात गाळ आणून ओततात. सामुद्रधुनीतही बराच भाग असाच उथळ आहे, म्हणून मोठ्या जहाजांसाठी झारच्या काळात, 19व्या शतकाच्या उत्तरार्धात, तळ खोदून केर्च-येनिकाले कालवा काढला गेला. त्याची रुंदी साधारण 120 मीटर आणि खोली 8.3 मीटरच्या आसपास. तो सतत उपसत राहावा लागतो, नाहीतर भरतो.

जहाजाचा जेवढा भाग पाण्याखाली असतो त्याला ड्राफ्ट म्हणतात. या कालव्यात 8 मीटरपर्यंत ड्राफ्टची जहाजं घेतात. म्हणजे कालव्याचा तळ आणि जहाजाचं बूड यांत उरलं काय, तर वीतभरापेक्षा थोडं जास्त, सुमारे 30 सेंटिमीटर. तेही जहाज उभं असताना. चालू लागलं की जहाज खाली बसतं. त्याच्या पोटाखालच्या चिंचोळ्या फटीतून पाणी वेगानं मागे जातं, तिथला दाब कमी होतो आणि सगळं जहाज खाली ओढलं जातं. याला ‘स्क्वॉट’ म्हणतात. जहाजाला वाट दाखवणाऱ्या पायलट मंडळींचा ठोकताळा सोपा आहे : नॉटमधल्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे 1.85 किलोमीटर) वेगाचा वर्ग करा, त्याला जहाजाच्या जाडजूडपणाच्या गुणांकानं गुणा (मालवाहू जहाजासाठी साधारण 0.8) आणि 100 नं भागा. येतील तेवढे मीटर जहाज बसेल. अरुंद कालव्यात ते दुप्पट धरायचं. 8 नॉटला हिशोब येतो एक मीटरचा, म्हणजे जहाज थेट गाळात. 4 नॉटला येतो 26 सेंटिमीटर, म्हणजे कसंबसं निभावतं.

मग सावकाश जा, असं कुणीही म्हणेल. इथेच खरी गोम आहे. सुकाणूचा जोरही वेगाच्या वर्गावर ठरतो, त्यामुळे वेग निम्मा केला की सुकाणू चौपट दुबळं होतं. त्यात आडवा वारा असेल तर सरळ जायलाही जहाजाला नाक वाऱ्याकडे वळवून तिरकं चालावं लागतं. 160 मीटर लांब आणि 25 मीटर रुंद जहाज फक्त 10 अंश तिरकं झालं तरी त्याला 52 मीटर रुंदीचा पट्टा लागतो. अशी दोन जहाजं समोरासमोर आली तर 120 पैकी 105 मीटर संपले. म्हणून मोठी जहाजं एका वेळी एकाच दिशेनं, रांगेनं सोडतात. आधी अर्ज, मग बाहेर नांगर टाकून वाट पाहणं, मग पायलट चढणार, मग रेडिओवरून हुकूम. शिवाय वारा जोरात आणि बराच वेळ वाहिला तर उथळ अझोवचं पाणीच एका बाजूला ढकललं जातं आणि पातळी खालीवर होते. नकाशावर लिहिलेले 8.3 मीटर त्या दिवशी असतीलच असं नाही.

हा हुकूम देणाऱ्या खुर्चीवर कोण बसणार, यावरच भांडण आहे. सोव्हिएत संघ फुटल्यावर खोल कालवा युक्रेनकडे गेला आणि जहाजांकडून शुल्कही युक्रेनच घेऊ लागला. रशियाच्या वाट्याला आलं उथळ पाणी. मधोमध तुझला नावाचं चिंचोळं बेट होतं, तेही युक्रेनचं. खरं तर तो पूर्वी रशियाच्या बाजूच्या तामान द्वीपकल्पाला चिकटलेला वाळूचा दांडा होता आणि 1925 च्या वादळात तुटून वेगळा झाला. सप्टेंबर 2003 मध्ये रशियानं तामानकडून बेटाच्या दिशेनं भराव घालायला सुरुवात केली. बेट पुन्हा जमिनीला जोडलं असतं तर सीमेचा सगळा युक्तिवादच उलटला असता. युक्रेननं बेटावर सीमारक्षक उतरवले आणि भराव हद्दीपासून सुमारे 100 मीटरवर थांबला. त्याच वर्षी 24 डिसेंबरला करार झाला : अझोव आणि केर्च हे दोन्ही देशांचे अंतर्गत जलभाग, आणि दोघांच्याही व्यापारी व लढाऊ जहाजांना मुक्त वाट. सीमारेषा कुठून जाते हे मात्र नंतर ठरवायचं, असं सोडून दिलं. माझ्या मते पुढच्या सगळ्या कटकटीचं मूळ त्या ‘नंतर’मध्ये आहे.

2014 मध्ये रशियानं सामुद्रधुनीच्या पश्चिमेचं युक्रेनचं क्रिमिया द्वीपकल्प घेतलं आणि कालव्याचे दोन्ही काठ त्याच्याकडे आले. मग पूल आला. 1944 मध्ये सोव्हिएत सैन्यानं इथे घाईनं रेल्वेपूल बांधला होता. फेब्रुवारी 1945 मध्ये अझोवमधून वाहत आलेल्या बर्फानं तो मोडला. नवा 19 किलोमीटरचा पूल तुझलावरूनच जातो आणि मे 2018 मध्ये त्यावर रस्ता खुला झाला. त्याचे बाकीचे गाळे बुटके आहेत. मोठ्या जहाजांसाठी फक्त मधली 227 मीटरची कमान. तिच्याखाली जहाजांना मोकळी वाट 185 मीटर रुंद, आणि पाण्यावर साधारण 33 मीटरपेक्षा उंच जहाज घेता येत नाही. आता कात्री पाहा. जहाज भरलेलं असेल तर तळाला लागतं. रिकामं असेल तर काही मीटर वर उचललं जातं आणि डोलकाठी कमानीला लागते. मारिउपोलचं पोलाद नेणारी मोठी पॅनामॅक्स (पनामा कालव्यात जेमतेम मावतील एवढी) जहाजं या कात्रीत सापडली. 2018 मध्ये त्यात रशियाच्या तटरक्षकांच्या झडत्यांची भर पडली. नांगर टाकून थांबलेल्या जहाजाचं भाडं चालूच राहतं, त्यामुळे गोळी न झाडताही बंदर मारता येतं.

लढाऊ नौकांची गोष्ट वेगळी. त्या गनबोटींचा ड्राफ्ट जेमतेम एक मीटर, खोलीचा प्रश्नच नव्हता. सप्टेंबर 2018 मध्ये युक्रेनची ‘दोनबास’ आणि ‘कोरेत्स’ ही नौदलाची जहाजं रशियन पायलट घेऊन कमानीखालून गेलीही होती. नोव्हेंबरमध्ये मात्र ‘डॉन’ या रशियन जहाजानं टगला धडक दिली, कमान बंद झाली, आणि संध्याकाळी तिन्ही नौका परत फिरल्यावर त्यांच्यावर गोळीबार करून 24 जणांना ताब्यात घेतलं गेलं.

हॅम्बुर्गच्या आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरणात एक गमतीदार पेच पडला. सागरी कायद्याच्या करारात ‘लष्करी कारवाई’चे वाद न्यायालयाबाहेर ठेवण्याची सवलत देशांना आहे आणि रशियानं तिचाच आधार घेतला. पण घरी त्याच रशियानं खलाशांवर बेकायदा सीमा ओलांडल्याचा फौजदारी खटला लावला होता. न्यायाधिकरणानं पाहिलं की वाद मुळात वाट कोणाला आणि कशी मिळावी याचा आहे, आणि गोळीबार झाला तेव्हा नौका माघारी निघाल्या होत्या. 25 मे 2019 रोजी 19 विरुद्ध 1 मतांनी नौका आणि खलाशी सोडण्याचा आदेश निघाला. खलाशी सप्टेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत घरी पोहोचले, नौका नोव्हेंबरमध्ये परत मिळाल्या.

कमानीखाली आडवा राहिलेला ‘नेमा’ जुलै 2019 मध्ये डॅन्यूबवरच्या इझमाइल या युक्रेनच्या बंदरात आला. नाव बदलून ‘निका स्पिरिट’ केलं होतं. युक्रेनच्या सुरक्षा यंत्रणेनं तो ओळखला आणि जप्त केला.