पाय लोंबकळत ठेवणारा रोलर कोस्टर

या रोलर कोस्टरची गाडी रुळावर बसत नाही, रुळाखाली लटकते. डोक्यावर रूळ आणि पायांखाली नुसती हवा. खुर्चीत बसल्यावर माणूस आधी आपल्या चपलांकडे बघतो, आणि ते बरोबरच आहे.

लटकत्या गाडीची कल्पना तशी आधीची. १९८१ साली अमेरिकेत ओहायोतल्या किंग्ज आयलंड या मनोरंजन उद्यानात ‘द बॅट’ सुरू झाला. त्याचे डबे रुळाखाली झोपाळ्यासारखे झुलत. पण झुलणारा डबा उलटा कसा करणार? १९९२ साली शिकागोजवळच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट अमेरिकामध्ये ‘बॅटमॅन द राइड’ आला, तेव्हा बोलिगर अँड माबिलार या स्विस कंपनीने झुलणंच काढून टाकलं. खुर्च्या चाकांच्या सांगाड्याला घट्ट जोडल्या. रूळ वळेल तशी खुर्ची वळणार. आता गाडी पाच वेळा उलटी होऊ शकत होती.

लूपमध्ये, म्हणजे रूळ उभा गोल फिरतो तिथे, एक गंमत होते. नेहमीच्या गाडीत प्रवासी लूपच्या आतल्या बाजूला असतात. इथे रूळ आत आणि प्रवासी बाहेर. सगळ्यात वर पोचलात की पाय थेट आभाळाकडे. तरी तिथे तुम्ही खांद्यावरच्या पट्ट्यात लोंबकळत नाही. गुरुत्वाकर्षण जेवढं खाली ओढतं त्याहून जोरात रूळ गाडीला खाली वळवत असतो, त्यामुळे खुर्चीच तुम्हाला ढकलते आणि तुम्ही तिच्यात दाबले जाता.

मात्र लूप अगदी गोल असेल तर पंचाईत. माथ्यावरून जेमतेम न पडता जायचं म्हटलं, तरी तळाशी स्वतःच्या वजनाच्या सहापट भार जाणवतो. साठ किलोच्या माणसाला साडेतीनशेहून जास्त! लूप लहान असो की मोठा, हे गणित बदलत नाही. १८९५च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर असा गोल लूप होता. लोकांच्या माना दुखावल्या. उपाय म्हणजे लूपला थेंबाचा आकार देणं. खाली वेग जास्त, म्हणून तिथे वळण ऐसपैस. वर वेग कमी, म्हणून तिथे आवळलेलं. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगल यांनी १९७६ साली हा आकार रुळावर आणला.

उंचीचं फार कौतुक नको. इंग्लंडच्या आल्टन टॉवर्स या उद्यानात झाडांच्या शेंड्यांहून उंच बांधायला मनाई होती, म्हणून ‘नेमेसिस’ या लटकत्या कोस्टरसाठी खडक फोडून चर खणले. १९९४पासून लोक त्या कपारींतून पाय पोटाशी घेत जातात.

पाय घेण्याची खरं तर गरज नसते. माणसाचे हातपाय जिथवर पोचू शकतात तेवढ्या मापाची चौकट गाडीला बांधून आधी पूर्ण मार्गावरून हळूहळू ओढून नेतात. कुठे घासली, तर बांधकामच बदलावं लागतं. हे माहीत असूनही खांब अंगावर आला की गुडघे आपोआप वर येतात.